थोरलीनं धरलेला सूर

आमच्या थोरलीशी भांडायचं असेल तर सकाळी लवकर सुरुवात करावी, कारण मधेच सोडणं तिला ठाऊक नाही. मी तिची धाकटी जाऊ. एका स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी संसार केले, एकाच धुलाई कारखान्यात एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून चादरींच्या घड्या घातल्या, आणि एकमेकींना नको नको ते बोलून पुन्हा एकाच पातेल्यातला चहा प्यालो. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. दुसरा तिच्या नवऱ्याचा, पण मोठे भावजी तो वापरत नाहीत. ते कानात कापूस घालून खिडकीपाशी बसतात आणि काही विचारलं तर "बरं आहे" म्हणतात.

तोंडावर मी तिला जाऊबाई म्हणते आणि अहो-जाहो करते. पाठीमागे ती थोरली. कारखान्यात तर तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला थोरलीच म्हणतात. बाई उंच, खांद्यानं रुंद, आणि आवाज असा की दोन मजले खाली दूधवाल्याला हाक मारायची तर खिडकी उघडावी लागत नाही.

कारखाना म्हणजे काय, तर गावातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे येतात. मोठाल्या पिंपांत धुतले जातात, पिळले जातात, आणि मग तापलेल्या रुळांमधून दाबून कोरडे होऊन बाहेर पडतात. रुळांच्या या तोंडाशी आम्ही. चादर हातात येते ती चटके देतच. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, चालत एकमेकींकडे यायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. मशीनच्या घरघरीत बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळं डोळ्यांनी. समोरचीनं पक्कं पकडलंय, हे तिच्या डोळ्यांत दिसल्याशिवाय आपलं टोक सोडायचं नाही. सोडलं तर चादर जमिनीवर, म्हणजे पुन्हा धुवायला, आणि वर मुकादमाची बोलणी. ही सवय अशी हाडात मुरते की घरी भाजीची पिशवी जरी एकमेकींकडे दिली तरी आम्ही आधी डोळ्यांत बघतो.

बँड आला तो जुन्या मालकाच्या लहरीतून. बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेची वाद्यं त्यांनी आणली, बॉयलरच्या वरची खोली रिकामी करून दिली आणि दर गुरुवारी पाळी सुटल्यावर शिकवायला एक मास्तर नेमले. मास्तर म्हणजे हाडांचा सापळा, पण शिस्तीचे कडक. मग ज्याच्या हाती जे लागलं ते त्यानं घेतलं. बॉयलरवाल्यानं ट्यूबा घेतला, कारण दुसऱ्या कुणाला तो उचलताच येईना. अभ्रे मोजणारी एक किडकिडीत बाई होती, तिला आम्ही चिमणी म्हणायचो, तिला क्लॅरिनेट मिळालं. मला ड्रम. कुणीतरी म्हणालं, हिला घरी आपटायची सवय आहेच. मी त्या माणसाशी पुढे बरेच दिवस बोलले नाही.

ट्रॉम्बोन मात्र कोपऱ्यात पडून होता. खोली अरुंद, आणि ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकवली की ती पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मानेत जायची. थोरली आली, तिनं तो उचलला, नळी पुढे ढकलली. पुढे बसलेला माणूस कळवळून ओरडला. ही म्हणते कशी, "मग वाका की जरा." त्या दिवसापासून ती खुर्ची तिची आणि तिच्या पुढचा माणूस वाकलेला.

घरी आमच्या डोक्याला ताप. ही जिन्यात बसून सराव करायची, कारण जिन्यात आवाज घुमतो. खालच्या मजल्यावरची बाई तणतणत वर आली. "अहो, माझं बाळ झोपलंय!" थोरलीनं तोंडापासून ट्रॉम्बोन काढला आणि म्हणाली, "तुमचं बाळ रडतं तेव्हा मी आले होते का सांगायला?" बाई आल्या पावली खाली गेली. मी लाजून अर्धी झाले, पण खोटं कशाला बोलू, मनातून मला गंमत वाटली.

आता मुद्द्याचं सांगते. बाजाचे कागद पाच रेघांचे. त्यांवर टिंबं, टिंबांना काड्या, काड्यांना शेंडे. कुठलं टिंब किती मोजायचं ते आम्ही भराभर शिकलो. मोजण्यात आम्ही पटाईतच. दिवसभर मशीनच्या मोजावरच तर हात चालतात. मग एका गुरुवारी मास्तरांनी नवीन कागद वाटले, आणि त्यात शेवटच्या सुराच्या डोक्यावर एक अर्धगोल काढलेला होता, त्याच्या पोटात एक टिंब. अगदी पापणी आणि बुबुळ.

"याला फर्माटा म्हणतात," मास्तर म्हणाले. "आपण डोळा म्हणू. डोळा दिसला की मोजणं बंद. सूर धरून ठेवायचा, आणि बघायचं."

कुठे बघायचं तेही ते म्हणाले असतील. आमच्या कानांनी घेतलं नाही. आम्ही धुलाईची माणसं, धरून ठेवा आणि बघा म्हटल्यावर आम्ही काय करणार? ज्यानं त्यानं आपल्या समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं. मी थोरलीच्या, चिमणी शेजारणीच्या, बॉयलरवाला माझ्या. समोरचा सोडतोय का बघायचं आणि तोवर आपण सोडायचं नाही, एवढं प्रत्येकाला पाठ. कुणीच सोडेना. सूर आपला चाललाच आहे, चाललाच आहे. मास्तर हात हलवून दमले. सूर चालू म्हणून ड्रमवर काठ्या थरथरवत ठेवून माझ्या मनगटांचा भुगा झाला. खालून वॉचमन धापा टाकत वर आला, त्याला वाटलं बॉयलरची वाफ फुटली. आणि आत येऊन बघतो तर बॉयलरवालाच गाल फुगवून बसलेला. म्हणजे खाली बॉयलर एकटाच! बिचाऱ्या वॉचमनला आणखी घाम फुटला.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, एकमेकांकडे काय बघताय? लग्न जमवायचंय का? माझ्याकडे बघा! माझा हात वर आहे तोवर धरा, हात खाली आला की सोडा. इतकं सोपं आहे."

सगळ्यांना पटलं. थोरलीनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"किती वेळ धरायचा, मास्तर?"

"मी दाखवीन तेवढा."

"पण म्हणजे किती?"

"ते ठरलेलं नसतं."

"ठरलेलं नसतं तर तुम्ही कसं ठरवणार?"

"मी पुढे उभा आहे म्हणून."

"आणि फुंकतंय कोण?" थोरली म्हणाली.

झालं. तिथून जे युद्ध पेटलं ते पेटलंच. प्रत्येक गुरुवारी डोळा आला की मास्तरांचा हात खाली यायचा, आम्ही सगळे सोडायचो, आणि मागून ट्रॉम्बोन एकटाच चालू. मास्तर त्याला शेपूट म्हणायचे. "गाणं छान झालं, फक्त थोरल्या बाईंचं शेपूट कापायचं राहिलं." ही ढिम्म. मास्तर रागावले, समजावून झालं, हात जोडून झाले. तिनं भीक घातली नाही. एकदा तर त्यांनी तिला खोलीबाहेर काढलं. तिनं जिन्यात उभं राहून तिथून वाजवलं, आणि शेपूट आणखी लांब केलं.

मला मेलीला मधल्या मधे त्रास. घरी भाजी निवडताना मी एकदा तोंड सोडलं. "जाऊबाई, अहो काय हा हट्ट! एवढंसं चिन्ह ते. त्या म्हाताऱ्याचा हात खाली आला की थांबायला तुमचं काय जातं?"

ती चाकू खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ती हळू आवाजात बोलली, आणि तिचा हळू आवाज मी तोवर फारसा ऐकला नव्हता.

"धाकटे, भोंगा वाजला की कामाला लागा, घंटा झाली की जेवा, रूळ फिरेल त्या वेगानं हात चालवा. लग्न कधी करायचं ते बापानं ठरवलं. पोरं कधी व्हायला हवीत ते सासूबाईंनी. भावजी तुझे चांगले आहेत, पण वळचणीला उभं राहायचं की उन्हात, तेसुद्धा त्यांना विचारूनच केलं मी. उभ्या जन्मात कागदावर एक जागा सापडली जिथे लिहिलंय की आता मोजू नका. आणि तिथेही हा बाबा मला हात दाखवणार?"

मी भाजी निवडत राहिले. डोळे भरून आले ते कांद्यामुळे असं मी तिला सांगितलं, आणि त्या दिवशी आमच्याकडे कांदा नव्हता.

पुढे एका गुरुवारी मास्तर धुलाईच्या हॉलमधून येताना साबणाच्या पाण्यावरून घसरले आणि उजवा हात मोडून बसले. पुढच्या खेपेला हात गळ्यात अडकवून आले, पण सराव चुकवायला तयार नाहीत. खुर्चीवर बसले नि म्हणाले, "कुणीतरी पुढे उभं राहा. मी तोंडानं सांगतो." कुणी उठेना. पुढे उभं राहायचं म्हणजे सगळ्यांची तोंडं बघायची, कुणाला हौस आहे? थोरली उठली. ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवला नि ऐटीत पुढे गेली. मी मनात म्हटलं, गेलं आता, आज आपण घरी जात नाही.

आणि तसंच झालं. डोळा आला तशी हिनं हात वर केला, आणि चेहरा असा खुलला म्हणता, लहान पोरीला कुणी दुकानाची किल्ली द्यावी तसा. धरलाय, धरलाय, धरलाय. बॉयलरवाला तांबडा झाला, मग जांभळा. ही आपली डोळे मिटून उभी. चिमणी नुकती तापातून उठली होती. तिचं क्लॅरिनेट आधी चिरकलं, मग बंद पडलं, आणि ती खुर्चीवरून कलंडली ती थेट माझ्या ड्रमवर. तिला पाणी पाजलं, वारा घातला. ती उठून बसली आणि हसून म्हणाली, "थोरल्या बाई, तुमचा हात खालीच येईना."

"अगं मग सोडायचंस ना!"

"तुम्ही धरला होता ना," चिमणी म्हणाली. "मी कशी सोडू?"

थोरलीचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी टेबलाशी घड्या घालताना, मशीन बंद पडलं होतं तेवढ्यात, ती एकदम म्हणाली, "मला वाटायचं, हा मास्तर हात वर करून मिरवतो. धाकटे, तो आपले श्वास बघत असतो गं. पुढे उभं राहिलं की सगळ्यांचे गळे दिसतात. कुणाचं संपत आलंय ते कळतं. मी डोळे मिटून उभी होते, गाढवासारखी." आणि पुढच्या गुरुवारी तिनं मास्तरांना सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तुमचं बरोबर होतं. पण हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. नुसतं 'मी पुढे उभा आहे म्हणून' म्हणालात, त्यानं माझं पित्त खवळलं." मास्तर हसले. मास्तर हसतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

मास्तरांचा हात बरा होईपर्यंत पुढे तीच उभी राहायची. तिनं आमच्या जोड्या लावून दिल्या. शेजारच्या दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकानं फुंकत राहायचं, दुसऱ्यानं चोरून घ्यायचा, मग उलट. त्यामुळे आमचा सूर कितीही लांबला तरी तुटायचा नाही. मास्तर खुर्चीतून मान डोलवायचे. पुढे हात बरा झाल्यावर ते पुन्हा उभे राहिले आणि थोरली आपल्या ट्रॉम्बोनकडे परत गेली. हात खाली आला की सोडायची. कुरकुरत, पण सोडायची.

सगळं असं सुरळीत चाललं असताना तिची निवृत्ती आली. तोवर जुने मालक जाऊन नवे साहेब आले होते. साहेबांना सदा घाई. चालता चालता बोलायचे, बोलता बोलता चालते व्हायचे. त्यांनी कळवलं की वाद्यं कंपनीची, बँड कंपनीचा, जो कामावर नाही तो बँडमध्ये नाही. थोरलीनं शेवटच्या दिवशी ट्रॉम्बोन जमा करायचा.

तिला हे मुकादमानं टेबलापाशी येऊन कानात सांगितलं. तिच्या हातात चादरीची टोकं होती. तिनं घडी पुरी केली, चादर गठ्ठ्यावर ठेवली आणि ॲप्रनसकट सरळ साहेबांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग, दारात.

"साहेब, कामावरून मी जाते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गुडघे दुखतात. पण बँड सोडणार नाही."

"बाई, तुम्ही खूप कष्ट केलेत," साहेब कागद चाळत म्हणाले. "आता आराम करा."

"आराम मागितला का मी?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो. आज तुम्हाला सूट दिली तर उद्या दुसरा येईल."

"दुसरा ट्रॉम्बोन वाजवणारा आहे का आपल्याकडे? नाही ना? म्हणजे तो पुन्हा कोपऱ्यात धूळ खाणार. चालेल, पण माझ्याकडे नको. असंच ना?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण आठवडाभरावर कारखान्याचा वाढदिवस होता, नेमका थोरलीच्या कामाचाही शेवटचा दिवस, मोठमोठी गिऱ्हाइकं येणार होती, तेव्हा ते गोड झाले. म्हणाले, "असं करू, त्या दिवशी शेवटचं गाणं तुम्ही पुढे उभ्या राहून घ्या. मान म्हणून. मग तुमचा सत्कार करू."

मास्तर गेले साहेबांकडे, बॉयलरवाला गेला, आम्ही सगळ्यांनी जाऊन गळ घातली. दर वेळी तेच उत्तर. घरी थोरली जेवेना. ती न जेवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळायचं. एके संध्याकाळी मोठे भावजी खिडकीपासून उठले, कानातला कापूस काढला नि म्हणाले, "आज वाजवत नाहीस?" ती तशीच उठून आत निघून गेली. भावजी कापूस हातात धरून उभेच राहिले. मला त्या साहेबाचा असा राग आला, असा राग आला, की मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

वाढदिवस आला. चादरी लावायचा हॉल धुऊन काढला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत हॉटेलांचे मालक, दवाखान्यांचे मोठे डॉक्टर, साहेबांच्या घरची माणसं. बाजूला एक टेबल. टेबलावर कागदात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ, थोरलीला द्यायला. आणि त्याच्या शेजारी तिचा ट्रॉम्बोन. सकाळीच तो तिच्याकडून घेऊन, पुसून, त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती: जमा. अजून बाईचं शेवटचं गाणं व्हायचं होतं! मला वाटलं तिथल्या तिथे ती चिठ्ठी फाडून साहेबांच्या तोंडावर मारावी.

थोरली पुढे येऊन उभी राहिली. मास्तर पहिल्या रांगेच्या कडेला बसले. तिनं हात उचलला आणि आम्ही सुरू केलं. खरं सांगते, बरं वाजत नव्हतं. ट्रॉम्बोनच्या जागी भोक पडलं होतं, जिथे तिथे ते ऐकू यायचं. तिलाही येत असणार, पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आणि मग शेवटचा सूर आला, डोळेवाला. तिचा हात वर गेला. आम्ही धरला. माझ्या काठ्या ड्रमवर थरथरत चालू.

हात तसाच वर ठेवून थोरलीनं मान वळवली. आणि दोन मजले खाली दूधवाल्याला हाक मारायच्या त्या आवाजात, आमच्या सगळ्या सुराच्या वर, म्हणाली, "साहेब, एक विचारायचंय."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "नंतर, बाई, नंतर!"

"नंतर मी इथली कुणी नसेन. आत्ताच विचारते. मी बँडमध्ये राहू की नको?"

हॉलमधली सगळी डोकी साहेबांकडे वळली. ते उठून उभे राहिले. "नियम सांगितलाय तुम्हाला!"

थोरलीनं मान परत आमच्याकडे फिरवली. ती आमचे गळे बघत होती, मला दिसलं. चिमणीचा बघितला, बॉयलरवाल्याचा बघितला, माझ्या मनगटांकडे बघितलं. तिनं ठरवलं असतं तर आम्हाला तसंच ताणून धरलं असतं. पण तिचे डोळे भरून आले, ओठ घट्ट मिटले, आणि तिनं हात खाली आणला. अगदी मास्तरांनी शिकवला तसा, स्वच्छ, एका दमात.

आणि कुणीच थांबलं नाही.

आमचं काही आधी ठरलेलं नव्हतं, कुणाची शपथ घालता ती घ्यायला तयार आहे. तिचा हात खाली आलेला मी बघितला होता. पण मी ड्रम थांबवला नाही. माझ्या डाव्या बाजूला चिमणीनं चोरून श्वास घेतला आणि पुन्हा फुंकलं. तिच्या शेजारणीनं घेतला. ट्यूबा खालून घुमतच होता.

"अगं सोडा!" थोरली दबक्या आवाजात म्हणाली. "हात खाली आलाय माझा! सोडा म्हणते ना!"

मी तिच्या डोळ्यांत बघून मान हलवली. नाही. जन्मभर तिचं ऐकलं, त्या दिवशी नाही ऐकलं.

पाहुण्यांना वाटत होतं हे गाण्यातलंच आहे. मग हळूहळू त्यांच्याही ध्यानात यायला लागलं. एक डॉक्टर खुदकन हसले. हॉटेलवाल्या एका बाईंनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब मास्तरांकडे धावले.

"थांबवा यांना!"

"पुढे त्या उभ्या आहेत," मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले. "त्यांनी हात खाली केला. मी बघितलं. अगदी बरोबर केला. त्याच्यापुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही."

साहेब थोरलीपाशी आले. "बाई, हे काय चाललंय?"

"माझं काही चाललेलं नाही, साहेब. मी सोडलं. हे लोक माझं ऐकत नाहीयेत. तुम्ही सांगून बघा."

साहेबांनी आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवले. आम्ही बघितलं त्यांच्याकडे, आदरानं बघितलं. सूर तसाच. बॉयलरवाल्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो तसाच फुंकत होता. माझ्या हातांत आता जीव उरला नव्हता, आणि मला मेलीला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. वर्षानुवर्षं भोंगा झाला की थांबलो, घंटा झाली की थांबलो. म्हटलं, आज बघू कोण थांबवतो.

साहेबांनी एकदा पाहुण्यांकडे बघितलं. मग टेबलाकडे गेले, ट्रॉम्बोन उचलला आणि थोरलीच्या हातात कोंबला. आमच्या आवाजावर ओरडावं लागलं म्हणून ते ओरडले, आणि त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नीट ऐकू गेलं: "घ्या! या गुरुवारी! सगळ्या गुरुवारी या! आता तरी पुरे करा!"

तिनं दोरा तोडला, चिठ्ठी साहेबांच्या हातात दिली आणि ट्रॉम्बोन तोंडाला लावला. आणि काय सांगू, ते भोक भरलं! सगळा हॉल दणाणला. आता तर कुणालाच सोडवेना. शेवटी एकेक करून आम्हीच गळालो. आधी चिमणी, मग ट्यूबा, मग माझे हात. ती एकटी उरली. तिनं तिला हवा तेवढा वाजवला, आणि मग तिला वाटलं तेव्हा थांबली.

टाळ्या पडल्या. साहेबांना काहीतरी करणं भाग होतं, म्हणून त्यांनी ते घड्याळ उचललं आणि हसू आणून तिच्यापुढे धरलं.

"ते राहू द्या तुमच्याकडेच," थोरली धापा टाकत म्हणाली. "उभा जन्म तुमच्या घड्याळावर काढला. आता नको मला."

ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, ट्रॉम्बोनची कळ दाबून आत साठलेलं पाणी धुतलेल्या फरशीवर सोडलं आणि मास्तरांना विचारलं, "पुढचा कागद कुठला?"